हळदीचा अंगठा, बारा हप्ते

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी आहे. सत्तावीस वर्षं झाली. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाची बिलं करायची, हमाली-तोलाई मांडायची, कुणी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम घेतली असेल तर किती महिने आणि वर किती दिवस ते बघून व्याज लावायचं, हे रोजचं काम. कॅल्क्युलेटर मी फक्त बेरीज पडताळायला वापरतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणी म्हणू नये की बिचाऱ्याला हिशोब येत नव्हता. हिशोब येत होता. त्या दिवशी केला नाही, इतकंच.

तो दिवस दसऱ्याचा. 12 ऑक्टोबर 2024. माझ्या जुन्या फोनचा कॅमेरा असा होता की त्यात सगळी हळद कावीळ उतरलेल्या माणसासारखी फिकी दिसायची. शेठ रोज बोलायचे, ‘दिवाणजी, तुमच्या फोटोमुळं माल पडून राहतोय.’ त्यात खोटं काही नव्हतं. पूर्वी खरेदीदार येऊन ढिगात हात घालून हळकुंड मोडून बघायचा. अजूनही बरेच जण तसंच करतात. पण बाहेरगावच्या व्यापाऱ्याला आता आधी फोटो लागतो. फोटो पटला तर नमुना, नमुना पटला तर सौदा.

विश्रामबागच्या बाजूच्या एका मोठ्या दुकानात मी, बायको आणि मुलगी गेलो. दुकानातल्या पोरानं काउंटरवर काचेचं भांडं ठेवलं होतं. त्यात पाणी आणि पाण्यात चालू फोन. फोनवर लावणी चाललेली. ‘काका, घर कुठं?’ त्यानं विचारलं. म्हटलं, सांगलीवाडी. झालं. तिथंच तो जिंकला. ‘मग तुम्हाला हाच पाहिजे. पूर आला तरी फोनला काय होत नाही.’

सांगलीवाडीच्या माणसाला पुराचं नाव काढून काहीही विकता येतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी 45 फूट. आमचं घर तेव्हा पोटमाळ्यापर्यंत बुडालं. लग्नाचा अल्बम, मुलीच्या बारशाचे फोटो, माझ्या वडिलांचा एकुलता एक रंगीत फोटो, सगळ्याचा लगदा झाला. बायकोनं त्या भांड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी काही बोललो नाही.

फोन 36,000 रुपयांचा. 200 मेगापिक्सेल कॅमेरा, 120 वॉटचा चार्जर, स्क्रीनच्या आत अंगठ्याचा सेन्सर, 5जी, आणखी काय काय. ‘झीरो टक्के व्याज, काका. बारा हप्ते तीन-तीन हजारांचे. तीन आत्ता भरायचे, नऊ नंतर खात्यातून जातील. तुम्हाला कळणार पण नाही.’

ते शेवटचं वाक्य मात्र खरं निघालं.

पुढचा अर्धा तास आधार, ओटीपी, कॅमेऱ्याकडं बघून डोळे मिचकावणं, डेबिट कार्ड, पुन्हा ओटीपी. मुलगी फोनवर ‘आय अॅग्री’ दाबत गेली. एकदा मी विचारलं, हे काय लिहिलंय? पोरगा म्हणाला, ‘तेच ते हो काका, नॉर्मल असतंय.’ आज रोख किती द्यायचे म्हणाल तर 12,910. मी 10,000 घेऊन गेलो होतो. बाकीचे 2,910 बायकोच्या पर्समधून निघाले आणि ते तिनं अजून विसरलेले नाहीत. फोनमध्ये फायनान्सवाल्यांचं एक अॅप टाकलं गेलं. ‘हे काढायचं नाही हं,’ पोरगा म्हणाला. काढायचं म्हटलं असतं तरी निघालं नसतं, हे मला नंतर कळलं.

घरी आलो, फोनला आपट्याचं पान ठेवलं, हळद-कुंकू वाहिलं. हळदीशी त्याची ती पहिली ओळख.

दुसऱ्या ओळखीत बिनसलं. अंगठा लावला की फोन उघडतो म्हणून मी रविवारी निवांत बसून, हात स्वच्छ धुऊन अंगठा नोंदवला. सोमवारी यार्डात फोन उघडेना. ‘पुन्हा प्रयत्न करा.’ पुन्हा. ‘पुन्हा प्रयत्न करा.’ पाच-सहा वेळा झाल्यावर त्यानं सांगितलं, आता थोडा वेळ थांबा. समोर शेतकरी उभा, मला त्याच्या मालाचा फोटो काढायचाय आणि माझाच फोन मला ओळखत नाही.

असं का होतं ते माझ्या मुलीनं शोधून काढलं. स्क्रीनखालचा सेन्सर बोटावर उजेड टाकून रेषांचं चित्र घेतो. हळदीच्या धंद्यात दिवसभर हाताला बारीक भुकटी बसलेली असते, ती रेषांच्या खोबणीत जाते. वर सत्तावीस वर्षं पोती, काटा आणि कागद हाताळून माझ्या अंगठ्याच्या रेषाच निम्म्या झिजल्यात. रेशनच्या मशीनवरही माझा अंगठा तिसऱ्या खेपेशिवाय लागत नाही. मुलगी म्हणाली, ‘पप्पा, मग घाण हातानंच नोंदवा की.’ दुसऱ्या दिवशी दुपारी, हळदीनं माखलेल्या हातानं मी तोच अंगठा दुसरा म्हणून नोंदवला. यादीत त्याला तिनं नाव दिलं ‘हळदीचा अंगठा’. तेव्हापासून फोनमध्ये माझे दोन अंगठे आहेत, एक घरचा आणि एक दुकानचा. घरचा यार्डात चालत नाही आणि दुकानचा रविवारी चालत नाही.

कॅमेऱ्याचं प्रकरण मात्र अंगावर आलं. फेब्रुवारीत नव्या मालाचे सौदे सुरू झाले. मी पहिल्या आठवड्यात राजापुरी हळदीच्या एका चांगल्या ढिगाचे फोटो काढून पाठवले. फोटो असे आले की मलाच खरं वाटेना. हळकुंड लग्नातल्या पिवळ्या शालूसारखं तळपत होतं. शेठ खूश. अहमदाबादचा खरेदीदार खूश. माल गेला. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला, ‘फोटो में सोना भेजा, बोरी में हल्दी निकली.’ क्विंटलला दोनशे रुपये तोडले त्यानं. शेठ मला काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी चहा आला तेव्हा दिवाणजींना विचारलं नाही.

मी रात्री बसून तो फोटो आणि कोपऱ्यात शिल्लक राहिलेलं हळकुंड शेजारी ठेवून बघितलं. फोटो खोटं बोलत होता आणि खोटं माझ्या हातून बोललं गेलं होतं. मग लक्षात आलं, फोटो काढताना कोपऱ्यात काटा-चमच्याचं बारीक चिन्ह येतं. म्हणजे फोनला वाटतंय हे जेवण आहे! हा नवा कॅमेरा समोर काय आहे ते आधी ओळखतो आणि त्याप्रमाणं रंग चढवतो. जेवण दिसलं की पिवळा-तांबडा गडद करतो, आभाळ दिसलं की निळं करतो, माणूस दिसला की गोरा करतो. हॉटेलवाल्याला ठीक आहे. पण ज्या धंद्यात रंगाच्या एका छटेवर भाव फिरतो, तिथं असला हुशार कॅमेरा म्हणजे वजनकाट्याला खाली चुंबक लावल्यासारखंच झालं.

ते हुशारीचं बटण बंद केलं. तरी रंग रोज बदलायचा. सकाळी एक, ट्यूबलाइटखाली दुसरा, निळ्या ताडपत्रीच्या सावलीत तिसरा. मुलीनं ‘प्रो’ नावाचा एक कप्पा दाखवला, त्यात व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून करायची रंगांची जुळणी, आपल्या हातानं ठरवता येतो. दोन रविवार मी त्यावर घालवले. शेवटी बसलेली पद्धत अशी: माल दुकानाच्या दारात, उन्हात नव्हे, उघड्या सावलीत घ्यायचा. वर ताडपत्री नको. व्हाइट बॅलन्स एकाच आकड्यावर कायम ठेवायचा. आणि ढिगाच्या कडेला पट्टीचा एक कोरा कागद टेकवायचा. हा कागद माझा शोध. फोटोत कागद पांढरा दिसत असेल तर हळदीचा रंग खरा, कागद पिवळट दिसला तर फोटो टाकून द्यायचा. समोरच्यालाही तेच सांगून ठेवलं, कागद बघा आणि मग हळद बघा. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला तर तो दाबून बारीक होतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवतो. आता शेजारच्या दोन गाळ्यांतही कोरे कागद टेकवलेले दिसतात. रॉयल्टी कुणी देत नाही.

200 मेगापिक्सेलचं म्हणाल, तर ते मी एकदाच वापरले. एरवी फोन सोळा-सोळा ठिपके एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो, आणि तो पुरतो. पूर्ण 200 वर काढलेला फोटो एवढा जड झाला की पाठवेपर्यंत सौदा संपला. तेव्हा बाकीच्या 187 मेगापिक्सेलचे हप्ते मी नेमके कशासाठी भरले, ते अजून लक्षात आलेलं नाही.

चार्जर मात्र लाख मोलाचा. वीज येण्याजाण्याच्या दिवसांत चहा येऊन संपेपर्यंत फोन निम्म्याच्या वर भरलेला असतो. बोलून मराठी लिहायची सोयही बरी आहे, फक्त तिला हळद कळत नाही. ‘सोरा गड्डा’ म्हटलं की ‘सोडा गड्डा’ लिहिते आणि ‘राजापुरी’ची ‘राजा पुरी’ करते. एकदा एका व्यापाऱ्याला ‘राजा पुरी चाळीस पोती तयार’ असा निरोप गेला. त्याचं उत्तर आलं, ‘भाजी पण पाठवा.’

आणि ज्याचं दुकानात नावही कुणी घेतलं नव्हतं ते सगळ्यांत जास्त वापरलं गेलं: फोनच्या डोक्यावर रिमोटचा बारीक दिवा आहे. टीव्हीचा रिमोट आमच्याकडं दोन वर्षांपासून हरवलेला होता. आता टीव्ही फोननं चालतो. बायकोच्या दृष्टीनं हा 36,000 रुपयांचा रिमोट आहे.

पाण्याचं काय? एक दिवस मी भिंगाच्या सोयीनं, म्हणजे जुन्या फोनचा कॅमेरा नव्या फोनवर धरून, वॉरंटीचे नियम वाचले. फोनवर आयपी68 लिहिलेलं असतं. त्यातला 6 धुळीसाठी, 8 पाण्यासाठी. चाचणी होते ती स्वच्छ, गोड्या पाण्यात, ठरावीक खोलीवर, ठरावीक मिनिटं. आणि खाली बारीक अक्षरात, पाण्यानं झालेलं नुकसान वॉरंटीत धरलं जाणार नाही. म्हणजे पाण्यात टिकतो म्हणून विकायचा आणि पाण्यात गेला तर आमचा संबंध नाही. कृष्णेच्या पुराचं पाणी स्वच्छ आणि गोडं धरायचं का, हा तर वेगळाच वादाचा विषय. धुळीचं म्हणाल तर हळद आत गेलेली नाही, पण चार्जिंगच्या तोंडात आणि स्पीकरच्या जाळीत बसते. दर रविवारी मऊ ब्रशनं साफ करतो. पहिले काही महिने टूथपिकनं करायचो. तसं करू नका, आतली पट्टी वाकते.

आता पैशाचं.

डिसेंबरात शेजारच्या गाळ्याचे दिवाणजी तोच फोन घेऊन आले. रंगसुद्धा तोच. कितीला, विचारलं. ‘34,000. रोख. दोन हजार सोडले त्यांनी.’ मी काही बोललो नाही. संध्याकाळी दुकान आवरल्यावर दसऱ्याचं बिल काढलं आणि जन्मात पहिल्यांदा नीट वाचलं. फोन 36,000. प्रोसेसिंग फी 1,000, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1,180. हप्त्याच्या कार्डाचे 530. आणि स्क्रीन फुटली तर बदलून देण्याची योजना, 2,200. ही योजना मी मागितल्याचं मला आठवत नाही, मुलीला आठवत नाही, बायकोला तर तिचे 2,910 सोडून त्या दिवसाचं दुसरं काहीच आठवत नाही.

मग एका पट्टीच्या पाठीवर मांडलं, जसं शेतकऱ्याच्या उचलीचं मांडतो. स्क्रीनची योजना बाजूला ठेवली, ती म्हणजे व्याज नव्हे. फोनची खरी किंमत 34,000. त्यातले 9,000 मी पहिल्याच दिवशी दिले. राहिले 25,000, तेवढंच माझं कर्ज. त्यावर वाढीव काय गेलं? सोडून दिलेली रोखीची सवलत 2,000, फी 1,180, कार्ड 530. एकूण 3,710. मुदत? नऊ हप्ते, पहिला एक महिन्याने, शेवटचा नऊ महिन्यांनी, म्हणजे सरासरी पाच महिने. 25,000 वर पाच महिन्यांना 3,710. शेकडा तीनला जेमतेम कमी.

शेकडा तीन! दरमहा! आमच्याकडं उचलीला शेकडा दीड लावला तर शेतकरी दारात उभा राहून ‘लई होतंय दिवाणजी’ म्हणतो, आणि मी त्याला समजावतो की बाजारात काय दर आहे बघा.

मुलीला सांगितलं तर तिनं मोबाईलवर शोधून दाखवलं की रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना कळवलं होतं, शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. अशा योजनांत व्याज बऱ्याचदा प्रोसेसिंग फीच्या रूपानं लपवलेलं असतं. आणखी एक गोष्ट तिनं काढली. 1 ऑक्टोबर 2024 पासून कर्ज देणाऱ्यानं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा कागद द्यावाच लागतो, कर्जदाराला समजेल अशा भाषेत, आणि त्यात सगळी शुल्कं धरून वार्षिक दर लिहावा लागतो. म्हणजे मी फोन घेतला त्याच्या अकरा दिवस आधीपासून. ई-मेल उघडून बघितलं, कागद आलेला होता. इंग्रजीत. बिलावर जिथं शून्य टक्के, तिथं या कागदावर वार्षिक दर जवळपास अकरा टक्के. त्यात फी धरलेली होती. रोख घेतला असता तर किती सोडले असते हे त्यात कसं येणार? ते दुकानदाराच्या पोटात.

मी चिडलो नाही. चिडून काय करणार, अंगठा माझाच. पण दुसऱ्या दिवशी खतावणीच्या मागच्या कोऱ्या पानावर ‘मोबाईल खाते’ असं खातं उघडलं आणि गेलेली प्रत्येक रक्कम तारखेनिशी नावे टाकली.

हप्ता दर महिन्याच्या 5 तारखेला खात्यातून आपोआप जायचा. पगार 7 तारखेला. म्हणून मी पगारातले बाकीचे काढून घेऊन खात्यात 3,200 ठेवायचो. सात महिने हे घड्याळासारखं चाललं. जूनमध्ये अडलं.

31 मेच्या सुमारास बँकेनं दोन विम्यांचे वार्षिक हप्ते कापले: प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे 436 आणि सुरक्षा विम्याचे 20. दरवर्षी कापतात, मीच फॉर्म भरलेला आहे, आणि तरी लक्षात नव्हतं. 3,200 तून 456 गेले, राहिले 2,744. 5 जूनला फोनच्या हप्त्याची मागणी आली, 256 रुपये कमी पडले आणि मागणी परत गेली. बँकेनं परत गेल्याबद्दल 250 आणि जीएसटी, म्हणजे 295 घेतले. फायनान्सवाल्यांनी 500 लावले. 256 रुपयांसाठी 795.

पण पैशापेक्षा दुसरंच लागलं. 6 तारखेला सकाळी फोन हातात घेतला तर वॉलपेपर बदललेला. माझ्या स्क्रीनवर ज्योतिबाच्या डोंगरावरचा आम्हा तिघांचा फोटो होता. तो जाऊन लाल पट्टी आणि पांढरी अक्षरं: ‘आपला हप्ता थकला आहे. त्वरित भरा.’ बदलून बघितलं, बदलेना. फोनचा मालक कोण, हे त्या अॅपनं एका रात्रीत सांगून टाकलं.

त्या दिवशी दुकानात एक शेतकरी बसलेला होता. त्याची दोन वर्षांची उचल तुंबलेली, मी त्याला हिशोब समजावत होतो, आवाजही जरा चढलेला. फोन टेबलावर उताणा. मेसेज आला आणि स्क्रीन उजळली. त्यानं मान वाकडी करून सावकाश वाचलं. मग माझ्याकडं बघून म्हणाला,

‘दिवाणजी, तुमचं बी थकलंय व्हय?’

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर परवडलं असतं. शेजारी बसल्यावर माणूस ज्या आपुलकीनं तंबाखूची डबी पुढं करतो, तसा सूर होता. मी फोन पालथा घातला. त्याच्या व्याजाचा हिशोब त्या दिवशी तिथंच राहिला.

संध्याकाळी वसुलीचा फोन आला. पोरगी होती, आवाज मुलीच्याच वयाचा. ‘सर आपण हप्ता भरलेला नाही, आत्ता भरा.’ घड्याळात सात वाजून वीस मिनिटं झालेली. मी म्हटलं, ‘ताई, संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी आठच्या आधी वसुलीसाठी फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.’ पलीकडं क्षणभर शांतता. मग ती हळूच म्हणाली, ‘माहीत आहे सर, पण आम्हाला यादी संपवायची असते.’ माझं पुढचं भांडण तिथंच बारगळलं. तिलाही कुणीतरी दिवाणजी असणार.

7 तारखेला पगार झाल्या झाल्या यूपीआयनं हप्ता आणि दंड भरला. पावती लगेच आली, लाल पट्टी मात्र 9 तारखेपर्यंत तशीच. सौद्याच्या वेळी मी फोनवर हात धरून फोटो काढायचो. ई-मेलनं आलेल्या त्या की फॅक्ट स्टेटमेंटच्या कागदावर तक्रार अधिकाऱ्याचा ई-मेल दिलेला होता, तिथं मराठीतच लिहून पाठवलं: फोन किती वाजता आला, पैसे कधी भरले, पट्टी किती दिवस राहिली, तीन ओळी, तारखांसकट. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढं रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, 14448 हा नंबर त्यासाठी आहे. तिथवर जावं लागलं नाही. आठव्या दिवशी उत्तर आलं. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’. दंड परत मिळाला नाही.

जुलैचा हप्ता शेवटचा. त्या महिन्यात मी खात्यात 5,000 ठेवले, उगाच. 5 तारीख शनिवार होती. सोमवारपर्यंत हप्ता गेला. नाहरकत दाखला आपोआप येईल म्हणाले होते, आला नाही. दोनदा फोन केल्यावर आला. त्यानंतरही ते अॅप निघेना. पुन्हा फोन. त्यांनी त्यांच्याकडून काहीतरी सोडलं, मग फोन बंद करून चालू केला आणि अॅपच्या खाली पहिल्यांदा ‘काढून टाका’ असा पर्याय दिसला. मी मुलीला हाक मारली. तिला म्हटलं, हे मी दाबणार. दाबायला गेलो तर फोननं अंगठा मागितला. रविवार होता, हात स्वच्छ होते, घरचा अंगठा लागला.

वर्षातून एकदा सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींचा अहवाल फुकट मिळतो, तो मुलीनं काढून दिला. जूनच्या रकान्यात थकल्याची खूण आहे. ती राहणार.

सोमवारी दुकानात खतावणी उघडली. मोबाईल खाते. फोन 36,000, फी 1,180, कार्ड 530, स्क्रीनची योजना 2,200, जूनचा दंड 795. एकूण 40,705. खाली दोन रेघा मारल्या आणि लिहिलं, ‘खाते बंद’. आमचा एक तरणा हमाल पाणी प्यायला आत आला होता, त्याला वाचता येतं. त्यानं आधी पान बघितलं, मग टेबलावरचा फोन.

‘चाळीस हजाराचा हाय व्हय दिवाणजी? लई भारी.’

मी हो म्हटलं.